बाहुलीचा बांधा आणि आईची नजर

खेळणे विकत घेतात आईबाप आणि खेळते मूल. या दोन गिऱ्हाइकांची मते जुळली नाहीत तर काय, हा पेच अमेरिकेतील मॅटेल कंपनीपुढे बार्बी बाजारात येण्यापूर्वीच उभा राहिला होता. रूथ हँडलर यांनी ज्या जर्मन बाहुलीवरून ही कल्पना उचलली, ती लिली मुळात व्यंगचित्रातील एक छचोर तरुणी. प्रौढांच्या करमणुकीची वस्तू. १९५९ मध्ये बार्बी अवतरण्याआधी कंपनीने एर्नेस्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाकडून चाचपणी करविली. मुली हरखल्या; माता मात्र त्या भरल्या बांध्याने संकोचल्या. डिख्टरांनी तोड सुचविली ती धूर्तपणाची : ही बाहुली मुलीला टापटीप शिकवील, असे आईला पटवा. आक्षेप दूर झाला नाही, त्याला फक्त सोयीचे उत्तर मिळाले.

त्या अशक्य कंबरेचे समर्थन कंपनीचे कारागीर शिवणकामाच्या आधारे करीत. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाएवढी केली तरी कापड काही सहापट पातळ होत नाही. घागऱ्याची पट्टी, शिवण, अस्तर यांचे थर कंबरेवर साचतात, म्हणून कंबर आधीच बारीक ठेवावी लागते. युक्तिवाद खोटा नव्हे. पण मुली बाहुलीचे कपडे काढून तिला तशीच कोपऱ्यात टाकतात, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. आणि १९६५ मधील एका बार्बीसोबत ११० पौंडांवर स्थिर असलेला वजनकाटा व वजन घटविण्याचे चिमुकले पुस्तक दिले होते. त्यातला सल्ला होता, खाऊ नका. येथे शिवणीचा काय संबंध?

आपल्याकडील लाकडी ठकीला कंबर अशी फारशी नसेच. भातुकलीत ती कधी नवरी, कधी सासू होई. रूप मुलीच्या कल्पनेने द्यावयाचे असे. घडीव बांध्याची बाहुली ती मोकळीक हिरावून घेते, ही पालकांची तक्रार सोवळेपणाची म्हणून उडवून लावता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात बार्बीची चित्रे पाहिलेल्या पाच ते सात वर्षांच्या मुलींत आपल्या शरीराविषयी असमाधान वाढलेले आढळले. त्यांहून थोरल्या मुलींत मात्र तसा परिणाम दिसला नाही.

अखेर २०१६ मध्ये कंपनीने उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या बार्बी काढल्या. स्वागत झाले, पण एकीचे झगे दुसरीला सर्रास येईनात, आणि पालकांना कपड्यांचा वेगळा खर्च आला.