जुनी मोटार चालली तरच टिकते

युरोपात हिवाळा हा जुन्या मोटारींच्या विश्रांतीचा काळ. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथे मीठ टाकतात, आणि ते खारं पाणी चासीला आणि पत्र्याला पोखरतं. म्हणून जाणता मालक थंडी पडायच्या आत गाडी झाकून ठेवतो ती वसंतात बाहेर काढतो. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या जुन्या गाड्या जून ते सप्टेंबर बंद असतात, कारण इथला गंज पावसाळी हवेतून येतो. दिवाळी उरकली, हवा कोरडी झाली, की कव्हर निघतात आणि फेब्रुवारीपर्यंतचे शनिवार-रविवार या गाड्यांच्या नावे लागतात. बाहेरच्या माणसाला त्यातली फक्त रॅली दिसते: चकाकणारं क्रोम, फेटे बांधलेले मालक, फोटोसाठी उडालेली झुंबड. त्यावरून हा मिरवण्याचा छंद आहे, असं मत बनतं. माझ्या मते रॅली हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे. हिवाळ्यातल्या शनिवारी बॉनेट उघडून जे काम होतं आणि रविवारी पहाटे गाडी जी काही मैल पळवली जाते, तेच या गाड्यांचं जतन आहे. ते थांबलं तर कितीही चांगल्या छपराखाली ठेवलेली मोटार हळूहळू संपते.

वापराने वस्तू झिजते, न वापरल्याने टिकते, हा आपला रोजचा अनुभव मोटारीला लागू पडत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. गाडी दोन-तीन पावसाळे उभी राहिली की ते पाणी व्हील सिलिंडरच्या आत बसतं, धातूला खड्डे पडतात, रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतात. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं की त्याचा चिकट थर होतो. रबरी सीलना तेलाचा ओलावा मिळाला नाही की ती आक्रसतात आणि गळती सुरू होते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, बॅटरी आपोआप उतरते. यातलं काहीच धावल्यामुळे झालेलं नसतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी याचा सर्वांत मोठा पुरावा आहेत. साधा पत्रा, १०८९ सीसीचं साधं इंजिन, समुद्राची खारी हवा, आणि तरीही त्या दिवसरात्र धावत राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, ती वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. याउलट १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर अनेक संस्थानिकांच्या उंची परदेशी मोटारी गॅरेजांत नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कित्येकींचा उभ्याउभ्याच सांगाडा झाला.

शनिवारच्या कामाचा एक तुकडा जवळून पाहिला की हे पटतं. फियाटचा कार्बोरेटर पावसाळ्यानंतर उघडला की तळाच्या भांड्यात वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट थर असतो आणि पाणी साचलं असेल तिथे पांढरी भुकटी. ते पुसून पितळी जेट काढायचा. त्याचं भोक अगदी बारीक असतं. तो उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते बघायचं. नसेल दिसत तर हवेचा झोत मारायचा, तार कधीच घालायची नाही, कारण तारेने भोक केसभर जरी मोठं झालं तरी इंजिन जास्त पेट्रोल ओढतं आणि काळा धूर सोडतं. मग डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक घासायचे आणि फीलर गेज लावून त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी ठेवायची. नंतर चोक ओढून सेल्फ मारायचा. इंजिन लागलं की आयडलचा स्क्रू पाव फेऱ्याने इकडे, पाव फेऱ्याने तिकडे, कान लावून. या कामाला संगणक लागत नाही, पण सवयीचा हात लागतो, आणि तो हात दर हिवाळ्यात वापरला तरच तयार राहतो. वॉशर, गॅस्केट, रबरी कप यांसाठी मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार पालथा घालावा लागतो. तिथेही नाहीच मिळालं तर लेथवाल्याकडून बुश बनवून घ्यायचा.

रविवारी पहाटे गाडी काढायची, यालाही कारण आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं. गार इंजिनात मात्र त्यातलं काही तेलात मिसळतं आणि काही सायलेन्सरच्या आत साचून तो आतून कुजवतं. म्हणून दारात उभ्या उभ्या दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्यात फायदा नाही, उलट तोटाच आहे, आणि बंद गॅरेजात तसं करणं तर जिवावर बेतू शकतं. तेल पुरतं तापेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी, गाडी रस्त्यावर धावायला हवी. हे हिवाळ्यात जमतं. एप्रिल-मेच्या उन्हात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा रेडिएटर दमतो. बोरघाटात बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या हे एके काळी उन्हाळ्याचं नेहमीचं दृश्य होतं. जानेवारीच्या सकाळी तोच घाट जुन्या रस्त्याने फियाट सावकाश का होईना, सहज चढते.

यावर एक आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला, गाड्या संग्रहालयात ठेवाव्यात. संग्रहालयं हवीतच. अहमदाबादजवळचा ऑटो वर्ल्डचा संग्रह पाहिला की भारतात केवढ्या तोलामोलाच्या मोटारी आल्या होत्या ते कळतं. पण स्थिर ठेवलेली मोटार तिचा आकार दाखवते. स्टिअरिंगवरचा गिअर कसा पडतो, चारही चाकांचे ड्रम ब्रेक किती आधी दाबावे लागतात, हे ज्ञान ती जपू शकत नाही. जगभरच्या ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांचा महासंघ असलेल्या ‘फिवा’ने आपल्या ट्यूरिन सनदेत जतनासाठी गाडीचा प्रत्यक्ष वापर महत्त्वाचा मानला आहे, तो यामुळेच.

प्रदूषणाचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. कार्बोरेटरवरच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचा धूर दर किलोमीटरला आजच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त विषारी असतो. नीट जुळवलेला कार्बोरेटर तो कमी करतो, आजच्या पातळीला आणू शकत नाही. पण शहराच्या हवेत एकूण धूर किती जातो, हे गाडी किती धावते त्यावरही ठरतं. वर्षातल्या मोजक्या रविवारी निघणाऱ्या थोड्या गाड्यांचा वाटा, रोज तासन्‌तास कोंडीत उभ्या राहणाऱ्या लाखो वाहनांपुढे नगण्य राहतो. जुन्या गाड्यांना रस्त्यावर येण्याची सूट रोजच्या वापराला मिळू नये, हे मला मान्य आहे, आणि जबाबदार शौकिनांनाही ते मान्य असायला हवं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले, तेव्हा तीच रेघ आखली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट, वीस हजार रुपये शुल्कात दहा वर्षांची नोंदणी; आणि वापर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल यांपुरता. देखभालीसाठी रस्त्यावर येण्याची मुभा नियमातच आहे, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असंही म्हणतात. रोल्स रॉइसपुरतं ते खरं आहे. पण महाराष्ट्राचा खरा मोटारवारसा कुर्ल्यात घडला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची. तिथे पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बनू लागली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं, आणि शतक सरत आलं तोवर ती निघत होती. डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी, गिरगाव-दादरचा मध्यमवर्ग अशा घरांची ती पहिली मोटार होती. आजही रविवारी निघणाऱ्या गाड्यांत अशा फियाट, ॲम्बेसेडर, जीप खूप दिसतात, आणि त्यांच्या मालकांपैकी अनेकांना गाडी वडिलांकडून आली आहे. अडचण आहे ती इथे. १९८५ किंवा १९९२ ची पद्मिनी पन्नास वर्षांची नाही, म्हणून ती कायद्याने विंटेज नाही. ती नुसती जुनी गाडी. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजारांवर गेलं. धूर ओकत रोज फिरणाऱ्या खटाऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण वर्षाला हजारभर किलोमीटरही न चालणारी, मूळ रूपातली पद्मिनी त्याच मापाने मोजली तर पन्नाशी गाठायच्या आत ती भंगारात जाईल, आणि मग विंटेज म्हणून नोंदवायला उरेल काय? ‘फिवा’ची मर्यादा तीस वर्षांची आहे. मर्यादित वापराची हमी घेऊन तीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करणं आपल्याला अवघड नाही.

कायदा बदलला तरी दोन प्रश्न राहतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. उसाच्या महाराष्ट्राला त्याचं अर्थकारण सांगायला नको. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, त्यामुळे नळ्या बदलणं आणि टाकी महिनोन्‌महिने भरून न ठेवणं हे हिवाळ्याच्या कामांत वाढलं आहे. हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. दुसरा माणसांचा. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळपास गेला. आज गॅरेजात शिकणारा मुलगा स्कॅनर लावून दोष वाचतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जेट उजेडाकडे धरून पाहणारे मिस्त्री बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. क्लबांनी रॅलीच्या बक्षिसांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग या मिस्त्रींना शनिवारी मानधन देऊन दोन-दोन मुलं हाताशी द्यायला वापरला, तर पुढच्या वीस वर्षांची सोय होईल.