हौद्याची मोटार : बंगळूरच्या अंगाने एक मागोवा

मागची आसने आणि टप कापून त्या जागी मालाचा हौदा बसवलेली जुनी मोटार भारतीय वाहनांच्या इतिहासात क्वचितच नोंदली गेली आहे; संग्राहकांच्या दृष्टीने ती बिघडवलेली गाडी ठरते, तर मालवाहतुकीच्या अभ्यासकांच्या लेखी ती पुरता ट्रकही नसते. तिला प्रचलित भाषेत ‘पिकअप’ म्हणतात, आणि तिच्या मागच्या उघड्या, तीन बाजूंनी फळ्या किंवा पत्रा लावलेल्या व चौथ्या बाजूला खाली पडणारा फाळका असलेल्या भागाला मराठीत ‘हौदा’ हा शब्द रुळलेला आहे. ‘विंटेज’ हा शब्द मात्र सैलपणे वापरला जातो. ब्रिटनमधील जाणकारांच्या काटेकोर वापरात तो साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांपुरता मर्यादित असून भारतात दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या आणि पुष्कळदा त्यानंतरच्याही गाड्यांना लावला जातो, म्हणून येथेही तो त्याच व्यापक अर्थाने घेतला आहे.

हौदा बसवणे शक्य झाले ते त्या काळच्या मोटारीच्या रचनेमुळे. इंजिन, चाके, स्प्रिंगचे पाटे आणि सुकाणू हे सर्व लांबट लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, जोडलेले असत आणि प्रवाशांना बसण्याचा डबा त्यावर वेगळा बोल्टने आवळलेला असे, त्यामुळे डबा उतरवला किंवा अर्धा कापला तरी गाडी चालती राही. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी याचा फायदा प्रथम घेतला आणि फोर्डच्या ‘मॉडेल टी’च्या मागे स्थानिक सुताराकडून किंवा छोट्या कारखान्याकडून करवून घेतलेली पेटी बसवली, ही मागणी ओळखून फोर्ड कंपनीने १९२५ साली दोन आसनी मॉडेल टीला कारखान्यातच पोलादी हौदा, उघडता येणारा फाळका आणि मागे अधिक दणकट पाटे बसवून २८१ डॉलरला गाडी विकायला काढली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने, रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी हवी, अशी मागणी फोर्डकडे केल्याचे सांगितले जाते, आणि लू बँट या तरुण आरेखकाने रेखाटलेली तिथली ‘कूपे युटिलिटी’ १९३४ साली जीलाँगच्या कारखान्यातून बाहेर पडली. या दोन्ही गाड्यांमध्ये मोटार आणि हौदा यांचे नाते कारखान्याने ठरवलेले होते, तर भारतात ते गॅरेजात ठरले. हा भेद पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

भारतात मोटारी सुट्या भागांच्या पेट्यांतून येऊन मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या त्या १९२०च्या दशकात, कारण फोर्डने १९२६ साली येथे कंपनी स्थापन केली आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणी सुरू केली. दणकट पाट्यांच्या आणि जमिनीपासून उंच असलेल्या अमेरिकन गाड्या संस्थानी भागातील कच्च्या रस्त्यांना मानवणाऱ्या होत्या, आणि म्हैसूर संस्थानातील बंगळूर हे त्यांना साजेसे शहर होते. जुनी पेठ आणि ब्रिटिशांची छावणी अशी १९४९पर्यंत दोन वेगळ्या नगरपालिकांत विभागलेली ही नगरी साहेबी टूररही, म्हणजे उघड्या प्रवासी मोटारीही, पाळत होती आणि १९२८ साली उभ्या राहिलेल्या कृष्णराजेंद्र मार्केटात भोवतालच्या खेड्यांतून भाजी-फुलेही उतरवून घेत होती. एकाच शहरात प्रवासी मोटारीची हौस आणि हलक्या मालवाहतुकीची निकड अशी शेजारी-शेजारी नांदत असताना हौसेची मोटार म्हातारी झाली की निकडीच्या कामाला लागणार, यात नवल नाही.

या शहराच्या मोटार-इतिहासात एक न घडलेली गोष्टही आहे आणि ती मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात संपूर्ण भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली, तिच्यासाठी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहिले, आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरत क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. कारखाना म्हैसूर संस्थानात उभारण्याचाही विचार झाला, परंतु युद्धकाळात भारत सरकारचा पाठिंबा मिळाला नाही. डिसेंबर १९४०मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत वालचंदांनी बंगळुरात उभा केला तो मोटारींचा नव्हे, तर हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना. मोटारींचा कारखाना, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, १९४४ साली स्थापन होऊन मुंबईत कुर्ल्याला गेला. बंगळुराला मोटार बनवता आली नाही, पण विमान कारखान्यामुळे आणि लष्करी तळामुळे पत्रा, वेल्डिंग आणि लेथचे काम जाणणाऱ्या कारागिरांची संख्या तिथे वाढली, आणि जुनी गाडी कापून तिचे नवे काही करण्यासाठी असेच हात लागतात.

युद्धानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. लष्कराच्या जीप, डॉज आणि शेवरोले गाड्या ‘डिस्पोजल’ म्हणून लिलावात निघाल्या, आणि त्यांच्यामुळे उघड्या हौद्याची छोटी गाडी किती कामाची असते हे गावोगाव दिसले. दुसरीकडे, देशात टप्प्याटप्प्याने सर्व भाग बनवण्याची तयारी असलेल्या कंपन्यांनाच परवानगी देण्याचे धोरण १९५३च्या सुमारास सरकारने स्वीकारल्याने फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी जुळणी बंद केली आणि नव्या परदेशी गाड्यांची वाट अडली. परिणामी १९३०-४०च्या दशकांतील मोठ्या शेवरोले, डॉज, प्लिमथ, फोर्ड गाड्या दुहेरी पेचात सापडल्या : पेट्रोल फार पीत असल्याने मध्यमवर्गीय मालकाला त्या परवडेनात आणि त्यांचे दणकट सांगाडे मोडीत काढणे तर कोणालाच परवडेना. गॅरेजवाल्यांनी त्या घेऊन मागे हौदा आणि पुष्कळदा लोखंडी खांब, साखळी व कप्पी बसवून रस्त्यात बंद पडलेली वाहने ओढून आणणारी ‘ब्रेकडाउन’ गाडी केली; कोणी दुधाचे कॅन, कोणी लाकूड, कोणी मंडपाचे बांबू वाहण्यासाठी त्यांचा उपयोग केला.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हते. चार दरवाजांच्या गाडीत कापण्याची रेषा चालकाच्या दरवाजामागील खांबाच्या लगेच मागे पडे, आणि टप कापताच दरवाजे बसेनासे होत, म्हणून आधी तिथे लोखंडी चौकट उभी करून पाठीमागचा पत्रा व छोटी काच बसवावी लागे. पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या टोकाला असल्याने ती हौद्याच्या तळाशी सुरक्षित राहील अशी आवळावी लागे. खरी परीक्षा होती ती वजनाच्या जागेची : प्रवासी मोटारीचा मागचा आस मागच्या आसनाच्या जवळ असतो, त्यामुळे हौदा मागे लांबवला तर सगळा भार आसाच्या पलीकडे पडून पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते, म्हणून जाणकार मिस्त्री हौदा आखूड ठेवीत, आसाच्या दोन्ही अंगांना भार वाटून देत आणि मागच्या पाट्यांत एक-दोन पाने वाढवीत. अशा गाडीकडे जवळून पाहिले की तिचे दोन्ही जन्म एकत्र दिसतात. मागच्या चाकांवर मूळ मोटारीचे डौलदार गोल मडगार्ड तसेच असते, त्याला टेकून सागाच्या किंवा जांभळाच्या फळ्या लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या असतात, आणि कापलेल्या दरवाजाच्या बिजागरीची जागा रंगाच्या थराखाली उंचवट्यासारखी राहिलेली असते.

या गाड्यांना लागणारे भाग बंगळुरात मिळत ते प्रामुख्याने जे. सी. रोडवर, म्हणजे जयचामराजेंद्र रस्त्यावरील मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत, आणि त्याहून अधिक शिवाजीनगरच्या गुजरीत. ‘गुजरी’ हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे, कारण कोल्हापूरकराला त्याने सोन्याचांदीची पेठ आठवते आणि जुन्या मराठीत तो रस्त्याकडेच्या बाजाराला लावला जाई, तर बंगळुरात त्याचा अर्थ भंगाराचा, जुन्या गाड्या सोडवून त्यांचे अवयव विकण्याचा बाजार असा झाला आहे. एका गाडीचे गिअरबॉक्स दुसरीत, तिसरीचा आस चौथीत, अशा देवघेवीवरच हौद्याच्या मोटारी दशकानुदशके चालल्या, आणि म्हणून अशी एखादी गाडी आज तपासली तर तिच्यात तीन-चार कंपन्यांचे लोखंड सापडू शकते.

या परंपरेची पीछेहाट रचनेतील बदलामुळे झाली. १९५०च्या दशकापासून भारतात बनू लागलेल्या फियाट आणि अँबॅसिडर या गाड्यांना वेगळा सांगाडा नव्हता; तळ, खांब आणि टप मिळून एकच कवच भार पेलत असे, ज्याला ‘मोनोकॉक’ म्हणतात, आणि त्याचा मागचा भाग कापणे म्हणजे अंड्याचे कवच फोडून उरलेल्यावर वजन ठेवण्यासारखे होते. शिवाय बजाज टेम्पोची तीनचाकी आणि पुढे १९८०च्या दशकातील हलके ट्रक आले आणि गॅरेजातल्या कामाची गरज उरली नाही. १९८८ साली पुण्याहून आलेली ‘टाटामोबाइल’ ही तर जन्मतःच पिकअप होती, आणि तिच्याच आधारावर टाटांनी पुढे सिएरा आणि इस्टेट या प्रवासी गाड्या बेतल्या, म्हणजे अर्धशतकापूर्वी मोटारीतून हौदा निघत होता, आता हौद्यातून मोटार निघाली. बंगळूरलगतच्या बिडदीला किर्लोस्कर आणि टोयोटा यांच्या कारखान्यात हायलक्स पिकअपची जुळणी होते, ती या वळणाची अलीकडची खूण.

जुन्या हौद्याच्या मोटारींचे भवितव्य मात्र कायद्याने आणि हौशी लोकांच्या आवडीने एकाच दिशेला ढकलले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असे स्पष्ट केले, आणि २०२१ साली विंटेज वाहनांसाठी केलेल्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुनी आणि सांगाडा, डबा व इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडीच ‘विंटेज’ मानली, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. सुरक्षिततेच्या दृष्टीने पहिला निर्णय रास्तच आहे. दुसऱ्या नियमात मात्र उणीव राहिली आहे, कारण १९५० साली पोटासाठी केलेला बदल आणि आज हौसेसाठी केलेला बदल या दोहोंना तो एकाच मापाने मोजतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, ‘फिवा’ची, ट्युरिन सनद वाहनाच्या कामाच्या काळात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचा भाग मानते, आणि भारतीय परिस्थितीला तीच भूमिका जवळची आहे.

प्रत्यक्षात बंगळूरच्या संग्राहकांच्या हाती अशी गाडी आली की हौदा उतरवला जातो, मूळ नमुन्याबरहुकूम नवा डबा घडवला जातो, आणि गाडी शहरातील प्रदर्शनांत व फेऱ्यांत टूरर म्हणून दिमाखात उतरते. हे काम कौशल्याचे असते आणि त्यामागचे प्रेम खरे असते, पण हौदा उतरवण्यापूर्वी त्याची मापे, छायाचित्रे आणि जोडणीची पद्धत टिपून ठेवण्याची प्रथा अजून रुजलेली नाही, आणि सांगाड्यावर ज्या भोकांतून मिस्त्रीने हौद्याचे बोल्ट आवळले होते ती वेल्डिंगने भरून, घासून, काळ्या रंगाखाली गेली की त्या गाडीने भाजी वाहिली की बंद पडलेल्या लॉऱ्या ओढल्या, हे सांगणारे तिच्यावर काहीच उरत नाही.