छाटणीच्या काड्या, मिनी ट्रॅक्टर आणि चिपर

कधी लागतो? द्राक्षबागेत वर्षातून दोनदा: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर.

चिपर की श्रेडर? चिपर धारदार पात्यांनी फांदीचे चकत्यांसारखे तुकडे करतो. श्रेडर हातोड्यांनी पालापाचोळा, कोवळ्या काड्या कुटतो. मल्चर ओळीतून फिरत जमिनीवरच्या काड्यांचा भुगा करतो. काड्या गोळा करायची मजुरी वाचते.

ताकद : बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. यंत्राला मिळते ती पीटीओची (ट्रॅक्टरमागच्या, यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टची), म्हणजे त्याहून कमी. २० एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला ३ इंची फांदी पुष्कळ झाली. डाळिंबाचे वाळके लाकूड तर ट्रॅक्टरला आणखी दमवते.

फेरे : पीटीओचा प्रमाणित वेग मिनिटाला ५४०. यंत्र त्याच वेगाचे आहे ना, हे आधी बघा.

फांदी आत कशी जाते? साध्या यंत्रात हाताने ढकलावी लागते. हायड्रॉलिक रोलर फांदी स्वतः ओढतो, पण किंमत चढते.

शिअर बोल्ट : दगड वा तार अडकली की हा स्वस्तातला बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. दोन-चार जवळ ठेवा.

काम करताना : गळ्यात उपरणे, अंगात सैल बाही नको. अडकलेली काडी काढण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात.