जे-१ व्हिसा : दोन वर्षांचे दोन नियम आणि बरेच गैरसमज

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या संशोधन संस्थेत कुणाला अमेरिकन विद्यापीठाचं निमंत्रण आलं, की सल्ले सुरू होतात. 'जे-१ घेऊ नकोस, दोन वर्षं अमेरिकेची दारं बंद होतात.' 'बायकोला तिथे काम करता येत नाही.' 'शिक्क्याची तारीख उलटायच्या आत परतलंच पाहिजे.' सांगणारे आपुलकीनेच सांगतात, आणि यातलं काही काही लोकांच्या बाबतीत खरंही असतं. पण अशा ऐकीव माहितीवर विसंबून माणसं चांगली संधी नाकारतात. त्याहून वाईट म्हणजे, नको त्या वर्गात नाव घालून जातात आणि पुढची मोठी संधी हातची घालवतात. यातलं बरंचसं नुकसान निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारले तर टळतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जे-१ हा नोकरीचा व्हिसा नाही. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने उभ्या केलेल्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाचा तो भाग आहे. या, शिका, शिकवा, संशोधन करा आणि मिळवलेलं ज्ञान घेऊन परत जा, ही त्यामागची कल्पना. हा कार्यक्रम अमेरिकेचं परराष्ट्र खातं चालवतं आणि विद्यापीठ त्यात 'स्पॉन्सर' असतं. परत जाण्याची अपेक्षा मुळातच असल्यामुळे त्याभोवती नियमही तसेच आहेत.

'व्हिसा संपला की मुक्काम संपला'

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊन आत येण्याची परवानगी मागण्यासाठी असतो. आत आल्यावर किती दिवस राहायचं हे तो ठरवत नाही. ते ठरतं दोन गोष्टींवरून : विमानतळावर प्रवेश मिळतो तेव्हा तयार होणारी आय-९४ ही नोंद, आणि विद्यापीठाने दिलेला डीएस-२०१९ हा फॉर्म. आय-९४ वर जे-१ वाल्यांना वर्षानुवर्षं तारखेऐवजी 'डी/एस' अशी नोंद मिळत आली आहे. म्हणजे डीएस-२०१९ वैध असेल आणि तुम्ही नियम पाळत असाल, तोवर मुक्काम कायदेशीर. शिक्क्याची तारीख मध्येच उलटली तरी संशोधन थांबवायचं कारण नाही. मात्र मध्ये भारतात येऊन गेलात, तर परत जाताना नवा व्हिसा लागेल. ही डी/एसची पद्धत बंद करून ठरावीक मुदत द्यावी, असा प्रस्ताव अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. त्यामुळे प्रत्येक प्रवेशानंतर स्वतःची आय-९४ ऑनलाइन उघडून त्यावर काय लिहिलंय ते पाहणं आता जास्तच गरजेचं झालं आहे.

डीएस-२०१९ हा एका पानाचा कागद नीट वाचणारे मला फार कमी भेटले आहेत. तिसऱ्या रकान्यात कार्यक्रमाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. चौथ्यात तुमचा वर्ग, म्हणजे प्राध्यापक, रिसर्च स्कॉलर, शॉर्ट-टर्म स्कॉलर वगैरे. पाचव्यात पैसे कोण देणार : विद्यापीठ, अमेरिकी सरकार, तुमचं सरकार की तुम्ही स्वतः. सातव्यात विद्यापीठातल्या जबाबदार अधिकाऱ्याचं नाव. तळाशी उजवीकडे प्रवासासाठीच्या सहीची जागा असते. ही सही रिसर्च स्कॉलरला जास्तीत जास्त एक वर्ष चालते, शॉर्ट-टर्म स्कॉलरला सहा महिने. आणि तळाशी डावीकडे असते दोन वर्षांच्या नियमाची चौकट. पुढे ज्या दोन गोष्टी येणार आहेत, त्यांची मुळं चौथ्या आणि पाचव्या रकान्यात आहेत.

कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस मिळतात ते आवराआवरीसाठी आणि फिरण्यासाठी. त्या दिवसांत प्रयोगशाळेत काम करता येत नाही, आणि या काळात देशाबाहेर पडलात तर त्याच जे-१ वर परत येता येत नाही.

'जे-१ वर गेलं की दोन वर्षं अमेरिकेत पाय ठेवता येत नाही'

इथे खरा घोळ आहे. दोन वर्षांचे नियम दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ते एकच समजले गेले की सल्ला देणारा आणि घेणारा, दोघेही फसतात.

पहिला नियम इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२ (ई) मधला, मायदेशी राहण्याचा. तो ज्याला लागू होतो, त्याने मायदेशात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहिल्याशिवाय त्याला एच-१बी किंवा एल व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. अमेरिकेत बसून बहुतेक दुसऱ्या दर्जांत बदलही करून घेता येत नाही. पण परिषदेला जायला, मुलीच्या पदवीदान समारंभाला जायला, अगदी शिकायला एफ-१ वर जायलाही हा नियम आडवा येत नाही. म्हणजे दार बंद होत नाही, दीर्घकाळ नोकरी आणि स्थायिक होण्याची वाट अडते. ही दोन वर्षं सलगच हवीत असं नाही, तुकड्यातुकड्यांनीही भरतात. मात्र ती मायदेशातच भरावी लागतात. मधली दीड वर्षं जर्मनीत पोस्टडॉक केलं, तर ते दिवस हिशेबात धरले जात नाहीत.

हा नियम सगळ्यांना लागू होतो, असं आपल्याकडे सर्रास मानतात. प्रत्यक्षात तो तीनच कारणांनी लागतो. एक, कार्यक्रमाला अमेरिकी सरकारचा किंवा मायदेशाच्या सरकारचा पैसा असणं. दोन, अमेरिकेत डॉक्टर म्हणून रेसिडेन्सीसारखं वैद्यकीय प्रशिक्षण घेणं. तीन, तुमचा विषय अमेरिकेच्या 'स्किल्स लिस्ट' या यादीत तुमच्या देशापुढे असणं. २००९ च्या यादीत भारतापुढे विषयांची मोठी रांग होती, त्यामुळे आपल्या असंख्य शास्त्रज्ञांवर हा नियम केवळ विषयामुळे बसायचा. ९ डिसेंबर २०२४ पासून नवी यादी लागू झाली आणि तीत भारत नाही. एवढंच नव्हे, आधी गेलेले जे लोक फक्त जुन्या यादीमुळे अडकले होते, त्यांनाही या बदलाने मोकळं केलं. बऱ्याच घरांतलं पुढच्या आयुष्याचं गणित यामुळे बदललं आहे, आणि अजूनही अनेकांना त्याचा पत्ता नाही, याची मला फार चुटपुट वाटते.

पण 'आता भारतीयांना नियमच नाही' ही नवी अफवाही तितकीच चुकीची. पाचव्या रकान्यात सरकारी पैसा दिसत असेल तर यादी बदलल्याने काहीच फरक पडत नाही. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीला अमेरिका आणि भारत ही दोन्ही सरकारं पैसा देतात. त्या शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने हा नियम गृहीत धरूनच बेत आखावा. डॉक्टरांचंही तसंच, पण त्यात एक फरक आहे : निव्वळ संशोधनासाठी रिसर्च स्कॉलर म्हणून गेलेला डॉक्टर केवळ डॉक्टर असल्यामुळे यात येत नाही.

व्हिसावर किंवा डीएस-२०१९ च्या त्या डावीकडच्या चौकटीत 'नियम लागू' असं लिहून आलं, म्हणजे निकाल लागला असंही नाही. वकिलातीतल्या अधिकाऱ्याचं ते प्राथमिक मत असतं. शंका असेल तर परराष्ट्र खात्याकडून सल्लामत मागवता येतं.

नियम खरोखर लागू असेल तर माफीचा अर्ज करता येतो. भारतीयांसाठी त्यातला नेहमीचा मार्ग म्हणजे 'नोरी' दाखला, अर्थात भारतात परतण्याचं बंधन नसल्याचा. त्यासाठी राज्य आणि केंद्राच्या खात्यांमधून कागद फिरतो आणि शेवटी अमेरिकेतला आपला दूतावास ना-हरकत पत्र पाठवतो. रेसिडेन्सीसाठी गेलेल्या डॉक्टरांना हा मार्ग खुला नाही, आणि अमेरिकी सरकारच्या पैशावर गेलेल्यांना तो सहसा उपयोगी पडत नाही. एक गोष्ट मात्र अर्ज करण्याआधीच माहीत हवी : अमेरिकी परराष्ट्र खात्याने माफीची शिफारस केली, की त्यानंतर जे-१ ची मुदत वाढवून मिळत नाही. तीन वर्षांचं काम बाकी असताना घाईने माफी घेतली, तर स्वतःच स्वतःची वाट अडवल्यासारखं होतं.

दुसरा नियम : २४ महिन्यांचा

हा नियम कमी लोकांना माहीत आहे आणि त्यानेच जास्त माणसं बेसावध पकडली जातात. प्राध्यापक किंवा रिसर्च स्कॉलर या वर्गातला कार्यक्रम संपला, की पुढचे २४ महिने याच दोन वर्गांत पुन्हा जाता येत नाही. पैसा कुणाचा, विषय कुठला, याने फरक पडत नाही. याला माफीही नाही. ते २४ महिने तुम्ही कुठेही घालवा, भारतातच राहायला हवं असं नाही. त्या काळात एच-१बी वर किंवा शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून जायला हा नियम मनाई करत नाही.

समजा, पुण्यातल्या एका रसायनशास्त्रज्ञ बाईंना चार महिन्यांसाठी बोलावणं आलं. तिकडच्या विभागातल्या कारकुनाने फॉर्म भरताना सवयीने 'रिसर्च स्कॉलर' निवडलं. चार महिने उत्तम गेले, त्या परत आल्या, त्यांच्या जे-१ कार्यक्रमाची नोंद बंद झाली. वर्षभराने त्याच प्रयोगशाळेला तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला आणि पहिलं नाव यांचं निघालं. पण आता रिसर्च स्कॉलर म्हणून जाता येणार नाही. रिसर्च स्कॉलरला जास्तीत जास्त पाच वर्षं मिळतात हे खरं, पण नोंद एकदा बंद झाली की उरलेली चार वर्षं आठ महिने शिलकीत राहत नाहीत, ती जातात. तेच चार महिने 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' म्हणून झाले असते, तर २४ महिन्यांचा प्रश्नच आला नसता. मात्र त्या वर्गाची मर्यादा सहा महिन्यांची, एक दिवसही वाढत नाही. काम लांबण्याची शक्यता असेल तर तो निवडणंही चूक ठरेल.

म्हणून डीएस-२०१९ तयार होण्याआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पत्र पाठवून विचारावं : मला कुठल्या वर्गात घालताय, आणि का? मध्ये भारतात येऊन काम चालू ठेवायचं असेल तर नोंद बंद न करता चालू ठेवता येईल का, हेही विचारावं. सहकार्य खरोखर चालू असेल तर ते जमू शकतं. बंद झालेली नोंद मात्र विनंतीवरून पुन्हा उघडत नाही.

याखेरीज १२ महिन्यांचीही एक अट आहे. आधीच्या वर्षभरात सहा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या एखाद्या जे वर्गात, अगदी कुटुंबीय म्हणून जे-२ वरही, राहिला असाल तर प्राध्यापक किंवा रिसर्च स्कॉलर म्हणून नवी सुरुवात लगेच करता येत नाही. शॉर्ट-टर्म स्कॉलरला यातून सूट आहे.

घरच्यांविषयी

पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं जे-२ वर जातात. जोडीदाराला तिथे काम करता येतं. आय-७६५ हा अर्ज करून परवाना हातात आला, की नोकरी कुठलीही चालते. अट एकच, की ती कमाई जे-१ वाल्याच्या खर्चासाठी दाखवता येत नाही. शिकताही येतं. एच-४ किंवा एफ-२ या जोडीदारांच्या दुसऱ्या व्हिसांच्या ऐकीव गोष्टी इथे लावून कितीतरी बायका आपलं करिअर उगाच गुंडाळून निघतात. दुसरी बाजूही सांगायला हवी : दोन वर्षांचे हे दोन्ही नियम जे-१ वाल्याला लागले, तर जे-२ वरच्या माणसालाही लागतात.

विम्याबद्दल 'कुठलीही ट्रॅव्हल पॉलिसी चालते' असं एजंट सांगतात. नियमात आकडे स्पष्ट आहेत : प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, उपचारांसाठी मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह परत आणायला २५,०००, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम प्रत्येक आजारामागे ५०० डॉलरहून जास्त नको. कुटुंबातल्या प्रत्येकाचा असा विमा हवा. जाणूनबुजून टाळला तर विद्यापीठाला कार्यक्रम रद्दच करावा लागतो.

उरलेले काही नियम थोडक्यात. दुसऱ्या विद्यापीठात व्याख्यान देऊन मानधन घेता येतं, पण जबाबदार अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी, नंतर नव्हे. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. आणि एका डॉलरचीही कमाई झाली नसली, तरी करखात्याला फॉर्म ८८४३ द्यायचाच. स्कॉलर मंडळींना तिथल्या करासाठी अनिवासी धरलं जाण्याची दोन वर्षं कॅलेंडरने मोजतात. २८ डिसेंबरला उतरलात, तर त्या चार दिवसांत एक पूर्ण वर्ष खर्ची पडतं. तारीख तुमच्या हातात असेल, तर जानेवारीत जा.