मागच्या बाकावरून

पहाटे 5.45
चहा उकळेपर्यंत वही उघडते. प्रत्येक नव्या शिक्षकाच्या नावावर एक पान आहे आणि त्यावर मागच्या भेटीत ठरलेली एकच गोष्ट लिहिलेली आहे. सुरुवातीला मी एका भेटीत आठ-दहा सूचना द्यायचे. पुढच्या वेळी गेल्यावर त्यातली एकही अमलात आलेली नसायची. तेव्हापासून एका भेटीला एकच गोष्ट, हा नियम मी पाळते.

अठ्ठावीस वर्षं सरकारी शाळांत संगीत-नृत्य शिकवून निवृत्त झाले. आता आठवड्यातले तीन दिवस नव्या कलाशिक्षकांच्या वर्गात जाऊन बसते. आज दोन शाळा आहेत.

सकाळी 7.20
सकाळच्या सत्राचा परिपाठ चालू आहे. मी मैदानाच्या कडेला उभी राहते. नवी बाई मला बघते आणि तिचा पदर दोनदा सावरला जातो. कथ्थक विशारद झालेली मुलगी, तासिका तत्त्वावर लागून तीन महिने झालेत. रंगमंचावर हजार माणसांसमोर न घाबरलेली ही मुलगी सहावीच्या दारात मात्र थबकते. गुरूंकडे ती शिकली ते आठ-दहा मुलींच्या वर्गात, आरशासमोर, शिकायचंच म्हणून आलेल्यांच्या सोबतीनं. इथे शेहेचाळीस मुलं आहेत आणि नाच शिकायचा की नाही, हे त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

सकाळी 7.55
मी शेवटच्या बाकावर बसते, मुलांच्या शेजारी. फळ्याजवळच्या खुर्चीवर बसलं की बाई दिसते. मागे बसलं की तिचा तास दिसतो.

तासिका पस्तीस मिनिटांची. मागच्या खेपेला बाक सरकवण्यातच दहा मिनिटं गेली होती, वर शेजारच्या वर्गाची तक्रार. वहीत लिहिलं होतं: ‘सुरुवात बाकावर बसूनच.’ आज तिनं तेच केलं. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. खालीला सगळ्या वर्गाचा हात एकदम हवेत गेला आणि क्षणभर आवाजच थांबला. ओरडून जी शांतता मिळत नाही, ती त्या एका रिकाम्या मात्रेनं मिळवली.

मग उभं राहून तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आता अडचणी दिसू लागल्या. बाई मुलांकडे तोंड करून उभी. तोंडानं म्हणते ‘उजवा’ आणि टाकते स्वतःचा उजवा. समोरच्या मुलांना तो डाव्या बाजूला दिसतो, म्हणून निम्मा वर्ग उजवा टाकतो आणि निम्मा डावा. समोर तोंड करून शिकवायचं तर आपण डावा टाकून ‘उजवा’ म्हणायचं. हे नर्तकाच्या अंगात नसतं, शिक्षकाला ते मुद्दाम बाणवावं लागतं. दुसरी अडचण शहाबादी फरशीची. दगडावर मुलं जीव खाऊन पाय आपटतात आणि घरी जाऊन टाचा धरून बसतात. इथे तत्कार हलक्या पायानंच हवा.

माझ्या शेजारच्या मुलाच्या पायाला कॅलिपर आहे. त्याला मंजिऱ्या दिल्या होत्या आणि तो त्या वाजवत होता. पण मंजिऱ्या थांबल्या की त्याच्या दोन्ही हातांची बोटं बाकावर तत्कार करत होती. डावं-उजवं न चुकता, पुऱ्या सोळा मात्रा. वर्गात सगळ्यात नेमका तत्कार त्याचा होता आणि तो फक्त मला दिसला.

सकाळी 8.40
जिन्याच्या पायरीवर आम्ही दोघी. पाय, फरशी, रांगा, सगळं बोलता आलं असतं. मी एवढंच विचारलं, “आज तुला शेवटच्या बाकावर काय दिसलं?”

“ताई, खरं सांगू? पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे मला काहीच दिसत नाही.”

मी बोटांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला वाईट वाटू नये म्हणून मंजिऱ्या दिल्या होत्या.”

“अगं, दिल्यास ते चांगलंच केलंस. पण वाजवणारा म्हणून एकदा बाजूला बसवलं की तो कायमचा तिथेच राहतो. हस्तमुद्रा, मान, नजर, खांदे, हे सगळं नाचच आहे. पुढच्या तासाला पूर्ण वर्ग बसूनच नाचू दे, हातांनी आणि नजरेनं. आणि दर पाच मिनिटांनी रांग फिरव, मागची पुढे आण.”

वहीत लिहिलं: ‘रांग फिरवणे.’ पावलांचं पुढच्या वेळी.

सकाळी 9.30
मुख्याध्यापकांनी बोलावलं. स्नेहसंमेलन महिन्यावर आलंय. त्यांचं म्हणणं, नव्या बाईंनी चांगल्या नाचणाऱ्या बारा मुली निवडाव्यात आणि नृत्याच्या तासाला त्यांची तयारी घ्यावी. माणूस चांगला आहे, पाहुण्यांसमोर शाळेची शोभा वाढावी एवढंच त्यांना वाटतं.

पण ज्या कामासाठी मी घराबाहेर पडते ते इथेच आहे. बारा मुली नाचणार आणि चौतीस मुलं महिनाभर भिंतीला टेकून बसणार. त्यातल्या प्रत्येकाला कळणार की नाच आपला नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना कलेसाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलं. 2023च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दृश्यकला, नाट्य, संगीत, नृत्य हे सगळं कलाशिक्षणात घेतलं. हे सगळं वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी आहे.

मी त्यांना लेझीम सुचवली. 1982च्या दिल्लीतल्या एशियाडच्या उद्घाटनात लेझीम झाली होती, ते त्यांनाही आठवत होतं. चार आवाज, पवित्रा, दोन रुख, एवढे डाव महिन्याभरात अख्ख्या वर्गाला येतात. नाचाला लाजणारी मुलगेमंडळी लेझीम हातात आली की आपसूक नाचू लागतात. हलगीवाला गावातच मिळेल. सर म्हणाले, “शेहेचाळीस मुलं स्टेजवर मावायची कशी?” मैदानावर मावतील, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. होकार आहे असं धरून चालते.

दुपारी 12.30
मिरज स्थानकावरून एसटी. डबा गाडीतच.

दुपारी 2.10
कवठेमहांकाळकडची जिल्हा परिषदेची शाळा. चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर सुरेख चित्र काढलंय: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, काठावर नारळाची झाडं. मुलं इमानानं उतरवून घेतायत. खिडकीबाहेर कडुनिंब, द्राक्षांच्या बागा, पलीकडे बेदाण्याची शेडं. अख्ख्या वर्गात कुणाच्याही दारात नारळ नाही.

सरांना मी फक्त खिडकी दाखवली. ते हसले, मग हळूच म्हणाले, “मॅडम, मीही शाळेत हेच चित्र काढलं होतं.” मलाही ते पाठ आहे. सरांनी मुलांना बाहेर काढलं, कडुनिंबाखाली. कागद पुरेना, म्हणून पाट्या आणि जुनी वर्तमानपत्रं घेतली, गेरू आणि कोळसा घेतला. एका मुलीनं झाड काढलंच नाही. जमिनीवरची सावली तेवढी काढली, आणि ऊन सरकलं तशी पुन्हा एकदा, वेगळी.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटला मुलं बसवायची आहेतच. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीला मिळतात, पालक त्यासाठी विचारतात. परीक्षेची तयारी करून घ्याच, असं सरांना सांगितलं. पण आठवड्यात एक तास खिडकीबाहेरचा ठेवा.

संध्याकाळी 5.30
परतीची गाडी. डोळा लागला.

रात्री 8.30
जतहून एका नव्या शिक्षिकेचा फोन. ‘धनगरी गजा’ बसवायचाय, मोबाइलवर व्हिडिओ बघून पावलं उतरवून काढते आहे, जमत नाही, रडकुंडीला आलीय. मी विचारलं, तुमच्या वर्गात धनगरांची मुलं किती? म्हणाली, निम्मी. मग त्यांच्या आजोबांना शाळेत बोलवा. त्यांचा ढोल येऊ द्या, हातातले रुमाल येऊ द्या. तुम्ही पहिल्या रांगेत उभ्या राहा, मुलांबरोबर शिकायला. मुलांच्या घरात असलेली कला शाळेत आणताना शिक्षकानं विद्यार्थी व्हायला कचरू नये.

“पण बाईच शिकतायत म्हटल्यावर मुलं ऐकतील का माझं?”

“त्या दिवसापासून जास्त ऐकतील.”

रात्री 9.45
उद्याची पानं लावून ठेवली. मी मागच्या बाकावरून एका दिवसात दोन वर्ग पाहते, त्यापुढे माझा हात पोचत नाही. तुमची मुलं, नातवंडं ज्या शाळेत जातात, तिथल्या पुढच्या पालकसभेत एवढं विचारा: कलेची तासिका कोणत्या वारी असते, आणि मागच्या आठवड्यात ती झाली का?