टेक्ससमधील मोचिगेंबा : एका आडनावाचा प्रसार

अमेरिकेतील टेक्सस राज्यात, सॅन अँटोनियो शहराच्या आग्नेयेस असलेल्या कार्न्स कौंटीत आणि तिच्या आसपास ‘मोचिगेंबा’ हे पोलिश आडनाव दाट आढळते. उलट शिकागो, डेट्रॉइट यांसारख्या मोठी पोलिश वस्ती असलेल्या शहरांत नोवाक आणि कोवाल्स्की ही आडनावे ठायी ठायी भेटत असली, तरी मोचिगेंबा तेथे विरळाच. आडनावाचा उगम आणि त्याचा प्रसार या दोन वेगळ्या प्रक्रिया असून, प्रसारात योगायोगाचा वाटा किती मोठा असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पोलिश भाषेत ‘मोचिच’ म्हणजे भिजवणे आणि ‘गेंबा’ म्हणजे तोंड, तेही ‘थोबाड’ या शब्दाच्या जवळ जाणाऱ्या ग्राम्य छटेसह. त्यामुळे हे मुळात एखाद्या मद्यप्रिय गावकऱ्याला मिळालेले टोपणनाव असावे आणि ते पुढे त्याच्या वंशजांना चिकटले असावे, असे मानता येते. पोलिश लिपीत ‘गेंबा’मधला अनुनासिक स्वर खाली शेपटी असलेल्या एकाच अक्षराने लिहिला जातो, पण मराठीत ‘खांब’ या शब्दातील अनुस्वाराचा उच्चार पुढच्या ‘ब’मुळे ‘म्’ होतो, तसाच तो तेथेही होतो. जर्मन आणि इंग्रजी वर्णमालांत असे अक्षर नसल्याने ‘ए’ व ‘एम’ सुटे लिहिले गेले आणि आडनावाला आजचे रूप मिळाले.

फादर लेओपोल्ड मोचिगेंबा हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू 1852 मध्ये टेक्ससला गेले, तेव्हा त्यांचा मूळ प्रदेश, अप्पर सायलेशिया, प्रशियाच्या ताब्यात होता. त्यांनी गावाकडे धाडलेल्या पत्रांतून नव्या भूमीची माहिती पोहोचत असतानाच 1854 मध्ये ओडर नदीला महापूर आला, धान्याचे भाव चढले आणि रोगराई पसरली. परिणामी शेतकरी कुटुंबांचा मोठा जथा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गॅल्व्हस्टन बंदरात उतरला आणि नाताळच्या सुमारास सॅन अँटोनियो नदी व सिबोलो ओढा यांच्या संगमापाशी पोहोचला. तेथे वसलेले पान्ना मारिया, म्हणजे ‘कुमारी मेरी’, हे अमेरिकेतील सर्वांत जुने कायम पोलिश गाव मानले जाते. ब्रह्मचारी असलेल्या फादर लेओपोल्ड यांचा वंश चालणे शक्यच नव्हते. आडनाव पुढे नेले ते तेथे स्थायिक झालेल्या त्यांच्या चार भावांनी.

मोठ्या लोकसंख्येतून थोडीच माणसे वेगळी होऊन नवी वस्ती करतात, तेव्हा मूळ ठिकाणी दुर्मिळ असलेला गुणधर्म नव्या जागी सर्रास दिसू लागतो. जीवशास्त्रात याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात आणि वडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या आडनावालाही तो लागू पडतो. आडनावे नष्ट का होतात, या प्रश्नाचे गणित 1870 च्या दशकात फ्रान्सिस गॉल्टन व हेन्री वॉटसन यांनी मांडले. त्यानुसार खरा धोका पहिल्या काही पिढ्यांत असतो, कारण एकाच पुरुषाला मुलगे झाले नाहीत तर आडनाव तेथेच संपते. पण एका भावाची पुरुषशाखा खुंटण्याची शक्यता निम्मी धरली आणि शाखा परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर चारही भावांच्या शाखा खुंटण्याची शक्यता केवळ 16 मध्ये 1 उरते. शेतीवर जगणारी मोठी कुटुंबे असली, की ती आणखी घटते.

कोवाल्स्कीची कथा निराळी आहे. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव असल्याने हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कारखान्यांत रोजगार शोधत आलेल्या पोलिश लोकांबरोबर ते अमेरिकेच्या औद्योगिक शहरांत पोहोचले. पुरुषांमधील वाय गुणसूत्रही आडनावाप्रमाणेच पित्याकडून पुत्राकडे जाते आणि ब्रिटनमधील अभ्यासांत दुर्मिळ आडनावांच्या पुरुषांमध्ये ते बरेचदा सारखे, तर सर्वसामान्य आडनावांत भिन्न आढळले आहे. टेक्ससमधील दोन मोचिगेंबांचे नाते चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींत काही पिढ्या मागे गेल्यावर सापडण्याची शक्यता म्हणूनच मोठी आहे. शिकागोतील दोन कोवाल्स्कींच्या बाबतीत मात्र समान आडनाव हा नात्याचा पुरावा धरता येत नाही.