एका मोटारीच्या मूळ रूपाचा शोध

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे जग्वार कंपनीने ‘ई-टाइप’ ही आपली नवी स्पोर्ट्‌स कार जगापुढे ठेवली. ‘९६०० एचपी’ या क्रमांकाची बंद टपाची गाडी इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून रस्त्यानेच तेथे आणण्यात आली होती. पाहणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की, हातातले काम टाकून दुसरी, उघड्या टपाची गाडी घेऊन तातडीने निघावे, असा निरोप कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांना धाडण्यात आला. ‘७७ आरडब्ल्यू’ ही गाडी त्यांनी रात्रभर चालवून जिनिव्हात आणली. या दोन गाड्यांची छायाचित्रे आजही पुस्तकांतून छापली जातात. आणि जुन्या ई-टाइपला मूळ रूप देऊ पाहणाऱ्याची पहिली फसगत बहुधा हीच छायाचित्रे करतात.

कारण या गाड्या नियमित उत्पादनापूर्वीच्या होत्या. कारखान्यातून ग्राहकाकडे गेलेल्या गाड्या बारकाव्यांत त्यांच्याहून वेगळ्या होत्या आणि पुढे त्याही सतत बदलत गेल्या. आरंभीच्या सुमारे पाचशे गाड्यांचे बॉनेट बाहेरच्या बाजूने किल्ली लावून उघडावे लागे. नंतर ही सोय गाडीच्या आत आली. पहिल्या गाड्यांचा तळ सपाट होता. उंच चालकांचे पाय अवघडतात असे दिसल्यावर १९६२ च्या आरंभी तो पायांपाशी खोलगट करण्यात आला. डॅशबोर्डच्या मध्यभागी सुरुवातीला नक्षीदार ॲल्युमिनियमचा पत्रा असे, पुढे त्याची जागा काळ्या आच्छादनाने घेतली. १९७४ पर्यंत बहात्तर हजारांहून अधिक ई-टाइप तयार झाल्या. तेव्हा ‘मूळ ई-टाइप कशी होती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘ही गाडी, ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी, कशी होती?’ असे विचारायला हवे.

तारण म्हणून दिलेल्या मालमत्तेचा सर्च रिपोर्ट पाहिल्यावाचून कोणतीही बँक कर्ज देत नाही, हे आपण जाणताच. येथेही आरंभ तसाच होतो. जग्वारच्या जुन्या नोंदवह्या हेरिटेज ट्रस्टने जतन केल्या असून त्यांच्या आधारे प्रमाणपत्र मिळते. चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक, बाहेरचा व आतला रंग, निर्मितीची आणि रवानगीची तारीख, तसेच पहिला विक्रेता यांचा उल्लेख त्यात असतो. इंजिनचा क्रमांक ब्लॉकवर आणि हेडवरही ठोकलेला असतो. तो नोंदवहीशी जुळला तर गाडीचे मोल पुष्कळ वाढते. म्हणूनच जुना क्रमांक घासून नवा ठोकण्याचे उद्योगही चालतात. अंकांचे वळण, खोली आणि भोवतालच्या ओतीव पृष्ठभागावरील घासल्याच्या खुणा जाणकाराच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत.

दुसरा आधार कंपनीच्या सुट्या भागांच्या सूचिपुस्तकाचा. कोणता भाग कोणत्या चासी क्रमांकापासून बदलला, हे त्यात दिलेले असते. मात्र दुरुस्तीसाठी पुढे कोणता भाग द्यावा, हे सांगणे हा अशा सूचीचा मुख्य हेतू. म्हणून मूळ भागाऐवजी त्याच्या जागी आलेला सुधारित भागच पुढच्या आवृत्त्यांत आढळतो. शक्य तितकी जुनी आवृत्ती मिळवावी, ती याचसाठी.

तरीही एखाद्या बोल्टवर कसला मुलामा होता, हे ना प्रमाणपत्र सांगते ना सूची. ते सांगते फक्त गाडी. आणि नेमका हाच साक्षीदार आपण सर्वांत आधी धुऊन-पुसून गप्प करतो! गाडी कार्यशाळेत येताच तिच्यावर वाळूचा मारा करून पत्रा उघडा करण्याची घाई होते आणि साठ वर्षे टिकलेला पुरावा दुपारभरात नाहीसा होतो. त्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे, पत्र्याच्या जोडांत, जेथे ऊन पोहोचले नाही तेथे, मूळ रंग सापडतो. बोल्टच्या माथ्यावर तो बनविणाऱ्याची खूण असते. ल्युकास कंपनीच्या विद्युत भागांवर महिना आणि वर्ष कोरलेले आढळते. ऑक्टोबर १९६१ च्या गाडीवर त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला स्टार्टर असणे साहजिक आहे. १९६३ चा असेल तर तो नंतर बसविलेला.

मुलाम्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्या काळी अनेक बारीक भागांवर कॅडमियमचा मुलामा असे. कॅडमियम विषारी असल्याने आज बहुतेक ठिकाणी त्याऐवजी जस्त वापरतात. जस्ताची चकाकी जरा निळसर व भडक, कॅडमियमची मंद, रुपेरी. एखादा भाग क्रोमने उजळवावा, असा मोहही होतो. माझ्या मते तो आवरावा. उत्तर अमेरिकेतील जग्वार क्लबांच्या स्पर्धांत मूळ रूपाशी न जुळणाऱ्या भागांसाठी गुण कापले जातात. मग तो भाग कितीही देखणा असो.

२००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार विकत घेतली, एवढाच या विषयाचा आपल्याशी संबंध नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट आहे. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. दैनंदिन वापरासाठी वा व्यवसायासाठी अशी गाडी चालविता येत नाही.

घरी आजोबांची एखादी जुनी गाडी उभी असेल, तर मेकॅनिकला हाक मारण्यापूर्वी कॅमेरा आणि वही हाती घ्यावी. काढलेला प्रत्येक नट, वॉशर चिठ्ठी लावून, गंजलेला असला तरी, डब्यात जपून ठेवावा.